बचावाच्या पुढे, बाकी सगळ्यांच्या मागे

कवळीला पुढच्या फळीतून काढून मागे ठेवलं, ही बातमी ती मैदानातून घरी पोहोचायच्या आधीच तिच्या बाबांपर्यंत पोहोचली होती.

कवळी हे अर्थात तिचं खरं नाव नव्हतं. ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची आणि शेवटी गुलाबी हिरड्यांची चकचकीत कवळी घासूनपुसून डबीत घालून पाठवून द्यायची. फुटबॉलच्या टीममध्ये आल्या आल्या कुणीतरी विचारलं होतं, "तू काय करतेस?" तिनं सांगितलं, "कवळ्या." झालं, नाव तिथंच पडलं. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. गोल मारून परत येताना प्रेक्षकांचा अख्खा कठडा "कवळी, कवळी" म्हणून ओरडत असेल, तर नावाचं काय घेऊन बसायचं? आणि गोल तिनं पुष्कळ मारले होते. बरीच वर्षं टीमची पुढची फळी म्हणजे ती, असंच समीकरण होतं.

त्या मोसमात टीमला नव्या प्रशिक्षक मिळाल्या. त्यांना सगळ्याजणी नुसतं बाई म्हणायच्या. पन्नाशीच्या, एके काळच्या गोलकीपर, आणि पोटापाण्यासाठी ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुका गिळायची सवय असल्यामुळे त्यांचा आवाज कधी चढत नसे.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर बाईंनी पाण्याच्या बाटल्या गवतावर मांडल्या.

"ह्या चार आपल्या बचावातल्या. ह्या मधल्या फळीतल्या. आणि ह्या दोन फळ्यांच्या मधे हे जे मोकळं पडलंय ना, तिथून आपल्याला दर सामन्यात गोल बसतात. हा आपला चौक झालाय. येणारा-जाणारा इथूनच जातो. इथं कुणीतरी ठाण मांडायला हवं." त्यांनी एक बाटली उचलली, त्या मोकळ्या जागेत ठेवली आणि कवळीकडे बघितलं. "तू."

कवळीनं त्या बाटलीकडे बघितलं.

"बाई, मी पुढे खेळते," कवळी म्हणाली.

"माहितीय मला."

"इथं काय करायचं असतं?"

"दिसायला फार काही नाही. पुढच्या पुढे गेल्या की तू जायचं नाही. कडेची बचाववाली वर धावली की तिच्या रिकाम्या जागेवर लक्ष ठेवायचं. समोरची बॉल घेऊन आली की तिच्या वाटेत उभं राहायचं. बॉल मिळाला की जवळच्या आपल्या माणसाला द्यायचा आणि लगेच परत मागायचा. आणि सारखं मागे बघायचं. गाडी चालवताना आरशात बघतात तसं. पेपरवाले त्याला होल्डिंग मिडफिल्डर म्हणतात. मी म्हणते, बचावाच्या पुढे आणि बाकी सगळ्यांच्या मागे."

"आणि गोल?"

"ते दुसऱ्या मारतील."

कवळीनं मान खाली घातली. शेजारच्या मुलीनं हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला. गोलकीपर शाळेत भूगोल शिकवायची. तिनं वर्गातल्या नापास पोरांकडे बघून टाकते तसा एक समजूतदार उसासा टाकला. कवळीच्या मनात मात्र भलतंच चाललं होतं. तोंडी परीक्षेत आपला नंबर यायच्या आधीच घंटा वाजावी, तसं तिला झालं होतं. महिनोन् महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून चालायला लागलं होतं. आणि हे कुणाला दिसू नये म्हणून तिनं चेहरा आणखी पाडला.

त्याचं कारण मागच्या मोसमाच्या शेवटी घडलं होतं. चषकाचा उपांत्य सामना, गोलकीपर आडवी पडलेली, समोर उघडं जाळं आणि बॉल पायाशी. डोळे मिटून मारला असता तरी गेला असता. तिनं डोळे उघडे ठेवून मारला आणि तो बारवरून शेजारच्या पाणी शुद्धीकरण केंद्राच्या कुंपणात जाऊन पडला. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून गोलसमोरच्या चौकोनात पाऊल टाकलं की तिचे पाय तिचे राहायचे नाहीत. बॉल आला की ती पटकन शेजारच्या मुलीला देऊन टाकायची. लोक म्हणायचे, बघा किती दिलदार झालीय, दुसऱ्यांना संधी देते. ते ऐकून ती आणखी मिटून जायची. सामन्याच्या आदल्या दिवशी तिला घास गिळवत नसे. मोसम सुरू झाला तसं हे वाढतच चाललं होतं, आणि आता बाईंनी एक बाटली उचलून तिला त्या सगळ्यातून बाहेर काढलं होतं.

घाबरट आहेस तू, ती घरी येता येता स्वतःला म्हणाली. दुसरी असती तर भांडली असती.

घरी बाबा शिलाई मशीनपुढे बसले होते. ते शिंपी. दुकान बंद करून काही वर्षं झाली होती, तरी गल्लीत अजून मास्तर म्हणूनच ओळखले जायचे, आणि मशीन खिडकीशी तसंच होतं. आई गेल्यापासून घरात ही दोघंच.

"मावशीचा फोन आला होता," बाबा म्हणाले. मावशीची मुलगी, भिंगरी, त्याच टीममध्ये होती. पायाला चाकं लावल्यासारखी पळायची, म्हणून भिंगरी. आता पुढच्या फळीत कवळीच्या जागी तीच खेळणार होती. "तुला मागे टाकली म्हणे."

"टाकली नाही, बाबा. ठेवली."

"काय चुकलं तुझं?"

"काही नाही. टीमची गरज आहे."

"गरज." कापड अर्ध्या कोटाचं द्यायचं आणि कोट पुरा मागायचा, अशा गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसा बाबांनी तो शब्द उच्चारला. जेवणं झाल्यावर त्यांनी तिची जर्सी मागून घेतली. पाठीवरचा नऊ नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं शिवलेला होता. आता तिथं सहा हवा होता. ते ब्लेडनं एकेक टाका उसवायला लागले.

"तोच उलटा करून लावा ना," कवळी म्हणाली. "सहाच होतो."

बाबा हसले नाहीत. पण चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो आकडा हातात फिरवून बघितला, आणि तसाच लावला.

नव्या जागेवरच्या पहिल्या सामन्यात तिनं घोळ घातला. सवयच नव्हती. बॉल जाईल तिथं ती जायची, डावीकडे गेली, उजवीकडे गेली, एकदा तर थेट समोरच्या कॉर्नरपर्यंत पोहोचली. आणि ती जिथून हलली तिथूनच दोन गोल बसले. उरलेल्या वेळात बाईंनी तिला बाहेर घेतलं आणि शेजारी बसवलं.

"आता बॉलकडे बघू नकोस. तुझी जागा बघ."

तिनं बघितलं. तिच्या जागी पाठवलेली मुलगीही बॉलच्या मागे पळत होती, आणि मागे बचावाच्या पुढे एक मोठा रिकामा तुकडा पडला होता. समोरच्या मुली त्यात येऊन आरामात मान वर करून बघायच्या, कुणाला पास द्यावा याचा विचार करायच्या. विचार करायला त्यांना वेळच वेळ होता.

"बॉल काय, फिरून येतो," बाई म्हणाल्या. "जागा सोडलीस की ती मात्र गेली."

पुढच्या सामन्यापासून ती शिकत गेली. बाई कडेवरून फक्त एक शब्द म्हणायच्या, "आरसा," की ती वळून मागे बघायची. कोण कुठं उभं आहे, कुणाची पाठ उघडी आहे. हळूहळू सांगावं लागेना. डावीकडच्या बचावात पोस्टात नोकरी करणारी एक मुलगी होती. तिला पुढे धावायची भारी हौस, आणि परत यायचा कंटाळा. ती निघाली की कवळी दोन पावलं डावीकडे सरकायची. समोरची मधल्या फळीतली मुलगी मान वर करायच्या बेतात असली की ही तिच्या आणि पुढच्या मुलीच्या मधे जाऊन उभी. पास द्यायला वाटच नाही. मग ती मुलगी वैतागून बॉल कडेला नाहीतर मागे द्यायची, आणि कवळीला मनात गुदगुल्या व्हायच्या. मेणात दात नीट बसला की बोटाला कळतं, तसं तिला कळायचं, की आत्ता इथं एक गोल झाला असता आणि झाला नाही.

टाळ्या मात्र कुणी वाजवत नसे. न झालेल्या गोलाला कोण टाळ्या वाजवणार?

"आज तुझ्याकडे बॉल फारसा आलाच नाही," बाबा घरी जाताना हळहळून म्हणायचे. तो न येणं हीच तिची कामगिरी होती, पण ते समजावून सांगायचं तर ती खूश आहे हेही सांगावं लागलं असतं. ती नुसतं "हं" म्हणायची.

सगळ्यांत अवघड भिंगरीचं होतं. ती एक दिवस प्रयोगशाळेतच येऊन उभी राहिली. कवळी पॉलिशच्या चाकावर एक वरची कवळी धरून बसली होती.

"ताई, मी बाईंना सांगू का? मला नको पुढची जागा. तुझी आहे ती."

"काही सांगू नकोस. छान खेळतेयस तू."

"तू रागावलीयस."

"नाही गं."

"रागावल्यावर तू असंच नाही म्हणतेस."

कवळीनं चाक बंद केलं. खरं सांगून टाकावं असं जिभेच्या टोकापर्यंत आलं. पण समोर ही पोरगी डोळ्यांत पाणी आणून उभी, आणि हिला सांगायचं काय, की तुझ्या गळ्यात पडलेली जागा मला विस्तवासारखी वाटत होती? तिनं पुन्हा चाक सुरू केलं. भिंगरी थोडा वेळ थांबली आणि गेली.

मोसम संपत आला तेव्हा टीमची अवस्था अशी होती, की शेवटचा सामना हरलो तर थेट खालच्या लीगमध्ये, आणि निदान बरोबरी झाली तर वाचलो. त्या आठवड्यात एका सरावानंतर बाईंनी कवळीला थांबवलं. "गाडीत बस. बोलायचंय."

गाडी फाटकाबाहेर उभी होती. बाई सवयीनं शिकवणाऱ्याच्या सीटवर बसल्या, त्यामुळे कवळीला स्टिअरिंगसमोर बसावं लागलं.

"तुझे बाबा आले होते."

"कुठं?"

"माझ्या ऑफिसात. मला वाटलं, या वयात गाडी शिकायची हौस आलीय. मी आपली क्लच-ब्रेक समजावत बसले. बिचारे सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, मी मुलीसाठी आलोय."

कवळीनं स्टिअरिंग धरलं. "काय म्हणाले?"

"म्हणाले, ती बोलून दाखवणार नाही, पण आतून खचलीय. शेवटचा सामना तरी तिला पुढे खेळू द्या. हात जोडले त्यांनी." बाई समोर बघत होत्या. "मी म्हटलं, तिलाच विचारते. म्हणून विचारतेय. खेळतेस पुढे? भिंगरीला कडेला घेता येईल. तुझ्या नावाला अजून लोक वचकून आहेत."

कवळीचे हात स्टिअरिंगवर होते. रस्त्याच्या पलीकडे एक माणूस दुकानाचं शटर ओढत होता आणि ते अर्ध्यात अडकलं होतं. तो ते पुरतं खाली आणेपर्यंत ती त्याच्याकडेच बघत राहिली. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं की बाबा खूश, टीम खूश, सगळ्यांचं जग पुन्हा जिथल्या तिथं. आणि तिला आठवडाभर घास गिळवणार नाही.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"मला तिथं भीती वाटते."

एकदा तोंडातून निघालं तसं सगळंच बाहेर आलं. उघडं जाळं, बारवरून गेलेला बॉल, दिलदारपणा म्हणून खपलेले पास, न गिळलेले घास. "तुम्ही मागे जा म्हणालात तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, बाई, की लाज वाटली. सगळेजण मला धीर देत होते आणि मी आत सुटकेचा श्वास टाकत होते. भिंगरी तर रडली माझ्यासाठी. मी घाबरून पळालेय, आणि लोकांना वाटतंय माझ्यावर अन्याय झालाय."

"अच्छा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली. "मला यातलं काही माहीत नव्हतं."

"मग मला मागे का घेतलंत?"

"मागच्या मोसमाची चित्रीकरणं बघितली मी. आपला बॉल गेला की सगळ्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात. तू तेवढी वळून मागे बघतेस, आता काय होणार म्हणून. पुढे खेळणाऱ्या मुलीला मागची काळजी, हे मला नवीन होतं. म्हटलं, ही चुकीच्या घरात राहतेय."

"तरी घाबरटपणा तो घाबरटपणाच."

"हे बघ." बाई तिच्याकडे वळल्या. "तुझ्या त्या जागेवर पाठीवर समोरची मुलगी चढलेली असते, मागे आपलाच गोल असतो, आणि तरी बॉल मागायचा असतो. पाय चळला तर सरळ गोल आणि सगळ्यांची बोटं तुझ्याकडे. परवाच्या सामन्यात तू सारखी मागत होतीस. घाबरलेला माणूस बॉल मागत नाही, लपतो. लपलेली माणसं मी गोलमधून आयुष्यभर बघितलीत. मला ती लांबून ओळखू येतात."

कवळीनं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर घेतले.

"तुला तिथं भीती वाटते आणि इथं वाटत नाही. एवढंच आहे ते. मला महामार्गावर काही वाटत नाही, पण गाडी मागे घेऊन पार्किंगमध्ये लावायची म्हटलं की अजून घाम फुटतो. आणि मी गाडी शिकवते."

कवळीला हसू आलं. हसता हसता डोळे पुसावे लागले. "बाबांना काय सांगायचं?"

"ते तू सांग. बाप-लेकीच्या मधे मी उभी राहत नाही."

पण सांगणं दिवसावर दिवस लांबत गेलं. बाबांचा चेहरा त्या आठवड्यात असा उजळला होता, की तिला धीरच होईना. शेवटी सामन्याच्या दिवशी सकाळी, बस समोरून येताना दिसली तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मी आज मागेच खेळणार आहे."

"बाई नाही म्हणाल्या?"

"बाई हो म्हणाल्या होत्या. मी नाही म्हटलं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. काही विचारणार तेवढ्यात बस थांबली, दार उघडलं, आणि मागची माणसं पुढे रेटायला लागली.

मैदानावर वारा सुटला होता. उंच मारलेला बॉल मनाला येईल तिकडे जात होता. सुरुवातीलाच एका कॉर्नरवर वाऱ्यानं दगा दिला आणि समोरच्यांचा गोल झाला. मध्यंतरानंतर मात्र भिंगरीनं दोघींच्या मधून घुसून बरोबरी केली, आणि कठड्यावरची माणसं उभीच राहिली ती पुन्हा बसली नाहीत.

सामना संपत आला असताना भिंगरीला चौकोनात पाडलं गेलं. रेफरीनं शिट्टी वाजवून पेनल्टी दिली.

सगळ्यांच्या माना कवळीकडे वळल्या. वर्षानुवर्षं पेनल्टी तिनंच घेतलेली. "कवळी, कवळी," कठड्यावरून सुरू झालं. भिंगरी उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि बॉल घेऊन तिच्यापर्यंत चालत आली.

"ताई, तू घे."

"तू घे. तुला पाडलंय."

"ताई."

"मी मागे आहे," कवळी म्हणाली, आणि वळून चालायला लागली.

आपल्या सगळ्या मुली चौकोनाच्या कडेला दाटीवाटीनं उभ्या होत्या. बॉल अडला तर परत मारायला म्हणून बचावातल्याही वर गेल्या होत्या. पोस्टातली तर सगळ्यांच्या पुढे होती. कवळीनं मागे बघितलं. मैदानाच्या मधोमध समोरच्यांनी एकच मुलगी ठेवली होती, लांब वेणीची, पळायला वाऱ्यासारखी. ती आणि आपला गोल यांच्यामध्ये भूगोलवाल्या गोलकीपरशिवाय चिटपाखरू नव्हतं. कवळी जाऊन त्या मधल्या मोकळ्या जागेत उभी राहिली. पेनल्टी तिला लांबून, माणसांच्या पाठींमधून दिसली.

भिंगरीनं मारली ती गोलकीपरच्या हातातच. आणि त्या गोलकीपरनं एक क्षणही न दवडता बॉल लांब फेकला.

वेणीवालीनं तो पळता पळताच घेतला. कठड्यावरून एक मोठा "अरेरे" ऐकू आला. जुनी कवळी असती तर धावून अंगावर गेली असती. या कवळीनं पाय घातला नाही. ती तिरकी उभी राहिली, गोलची बाजू बंद केली, कडेची उघडी ठेवली, आणि मागे मागे सरकायला लागली. वेणीवालीनं खांदा एकीकडे टाकला. कवळी फसली नाही. दुसरीकडे टाकला, तरी नाही. समोरच्यांची आणखी एक मुलगी जिवाच्या आकांतानं पळत येत होती, पासची वाट बघत. कवळी अर्धं पाऊल तिच्या बाजूला झुकली, पासची वाट बुजवली आणि पुन्हा सरकली. तिला बॉल हिसकायचा नव्हता. तिला फक्त वेळ हवा होता. समोरची जेवढा विचार करेल तेवढ्या आपल्या मुली परत येतील. पाठीमागून पावलांचे आवाज यायला लागले. वेणीवालीलाही ते ऐकू आले असावेत. तिनं घाई केली, बॉल जरा जास्त पुढे ढकलला, आणि तेव्हा कुठं कवळीनं पाय पुढे केला. बॉल तिच्या बुटाला लागून कडेच्या रेषेबाहेर गेला.

थ्रो-इन. तोवर सगळ्या परतल्या होत्या. पोस्टातलीसुद्धा. ती धापा टाकत म्हणाली, "मी यापुढे वर जाणार नाही."

"जाशील," कवळी म्हणाली.

थोड्याच वेळात शेवटची शिट्टी वाजली आणि एक-एकची बरोबरी टिकली, टीमही वाचली. मुली गवतावर जिथल्या तिथं पडल्या. कुणी जिंकल्यासारखं नाचलं नाही. आगीतून सामान सुखरूप बाहेर काढलेल्या माणसांसारख्या सगळ्या नुसत्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. भिंगरी मात्र गोलखांबापाशी गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

कवळी तिच्या शेजारी टेकली. "तुझा निदान गोलकीपरला अडवावा लागला. माझा कुणाची मदत न घेताच बाहेर गेला होता."

"तू घ्यायला हवी होतीस, ताई."

"मला तिथं भीती वाटते. मागच्या वर्षीपासून."

भिंगरीनं डोकं वर केलं.

"बाईंनी मागे ठेवलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी रागावले नव्हते गं. खूश होते. सांगायची लाज वाटली. तुला उद्या-परवा भीती वाटली तर लपवू नकोस, मला सांग. एवढंच म्हणायचं होतं."

भिंगरी काही क्षण तोंड उघडं टाकून बघत राहिली. "म्हणजे तू खूश होतीस? आणि मी पूर्ण मोसम उशीत तोंड खुपसून रडले." तिनं कवळीच्या दंडावर एक जोरदार चापट मारली, आणि मग तिच्याच खांद्यावर डोकं टेकून हसायला लागली.

बाबा फाटकाशी थांबले होते. दोघं बस थांब्यापर्यंत चालत गेली, बाकावर बसली. बाबा बराच वेळ हातातल्या टोपीच्या घड्या घालत आणि उलगडत राहिले.

"आज मी बॉलकडे बघितलंच नाही," ते म्हणाले.

"मग?"

"तुझ्याकडे बघत होतो. सकाळी तू म्हणालीस, मीच नाही म्हटलं. म्हटलं, असं आहे तरी काय तिथं, बघावं. मान दुखून आली."

"काय दिसलं?"

"तू उभी राहतच नाहीस. बॉल पार त्या टोकाला असला तरी तू आपली दोन पावलं इकडे, एक तिकडे. आधी वाटलं, पोरगी उगाच येरझारा घालतेय. मग लक्षात आलं, तू सरकलीस की त्या समोरच्या मुली वाट बदलतात. बॉल न शिवता तू त्यांना हाकत होतीस." बाबा थांबले. "हे आधी सांगितलं का नाहीस?"

मग तिनं सांगितलं. बाईंना सांगितलं त्याहून हे अवघड जाईल असं तिला वाटलं होतं, पण गेलं नाही. बस आली, थांबली आणि निघून गेली. दोघंही उठली नाहीत. तिचं बोलून झालं तेव्हा बाबा समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"तू पेनल्टी घ्यायचीस ना," ते म्हणाले, "तेव्हा मी नळावर जायचो."

"पाणी प्यायला?"

"तहान नसायची. बघवायचं नाही. लोक ओरडले की समजायचं, गेला आत."

"दर वेळी?"

"दर वेळी. मागच्या वर्षीचा तेवढा बघितला, कारण ती पेनल्टी नव्हती, उठायला सवडच मिळाली नाही." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "तुला मागे घेतलं तेव्हा खरं तर मला हलकं वाटलं होतं. आता तरी पोरीला धड जेवण जाईल. पण बापानं असं वाटून घेऊ नये म्हणून मी रागावून बसलो. आणि वर त्या बाईंपुढे जाऊन हात जोडून आलो."

कवळी त्यांच्याकडे बघत राहिली. दोघंही एकमेकांसाठी महिनोन् महिने तोंड पाडून बसली होती. तिला हसू फुटलं. बाबांनी आधी मान हलवली, मग तेही हसायला लागले, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एक अनोळखी बाई पिशवी आवळून थोड्या लांब सरकल्या.

पुढची बस त्यांनी पकडली. घरी आल्यावर कवळीनं आंघोळ केली आणि जे होतं ते गरम केलं. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. मग "जरा पाठ टेकते" म्हणून आडवी झाली ती तशीच झोपली. बाबांनी भांडी आवाज न करता घासली. खिडकीतून तिच्या तोंडावर उन्हाची तिरीप येत होती, म्हणून त्यांनी पडदा ओढला, आणि तिच्या पायांवर चादर टाकून ते शेजारच्या खुर्चीत बसून राहिले.